सगळ्यांचा पासवर्ड

वर्सोव्यात सर्व्हर उघडायचा तर पिशवीत खोडरबर हवंच. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. खिडक्या कितीही घट्ट लावा, खारी हवा आत शिरतेच. कॅबिनेटचे स्क्रू गंजतात, रॅमच्या पट्टीवरचे सोनेरी दात काळपट पडतात आणि एखाद्या सकाळी बटण दाबलं की सर्व्हर नुसताच शिट्ट्या मारत राहतो, पडद्यावर काही येत नाही. पट्टी काढायची, शाळेतल्या साध्या खोडरबराने दात हलक्या हाताने घासायचे, भुगा ब्रशने झटकायचा, पट्टी परत दाबून बसवायची. निम्म्या वेळा दुखणं तेवढंच असतं.

मी घाटकोपरला राहते आणि २००६पासून अंधेरी पश्चिमेकडच्या लहान ऑफिसांच्या कॉम्प्युटरांची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट, घेते. चार बंगला, सात बंगला, यारी रोड, आरामनगर हा माझा नेहमीचा फेरा. पूर्वी बसने निघाले की साकीनाक्यालाच जीव मेटाकुटीला यायचा. ८ जून २०१४ला मेट्रो सुरू झाली आणि वीस-बावीस मिनिटांत वर्सोवा स्टेशनला उतरू लागले. माझ्याकडे दोन सीए आहेत, एक दंतवैद्य आहेत, वेसाव्याच्या कोळीवाड्यातले मासळीचे एक व्यापारी आहेत. बाकी सगळी ऑफिसं सिनेमा-मालिकांच्या आधाराने उभी: एडिटिंग, डबिंग, सबटायटल्स. आरामनगरच्या बैठ्या घरांबाहेर सकाळपासून ऑडिशनला आलेल्या मुलामुलींची रांग असते. त्यातल्याच एखाद्या घराच्या मागच्या खोलीत, एसीखाली, जुन्या बॅनरांच्या गठ्ठ्याशेजारी सर्व्हर असतो. अशा ऑफिसांत वेगळा आयटीवाला नसतो. महिन्यातून दोनदा मी जाते, आणि फोन कधीही येतो.

२०१७च्या मार्चमधला तो फोन सकाळी सव्वानऊला आला. यारी रोडजवळचं एडिटिंगचं ऑफिस, अठरा माणसं, चौदा मशिनं, एक सर्व्हर. मला वाटलं, रॅमच असेल. मालक म्हणाले, "अगं, ताबडतोब ये. सर्व्हरवरचं सगळं गेलंय."

सगळं गेलं नव्हतं. टॅली होतं, बिलं होती, करारांची फाइल होती. गेलं होतं ते 'प्रोजेक्ट्स' नावाचं फोल्डर. म्हणजे फोल्डर जागेवर, आत काही नाही. दोन वर्षांचं पुरं झालेलं काम आणि एका माहितीपटाचं चालू काम त्यात होतं. खंडणी मागणारी चिठ्ठी नव्हती, फायलींची नावं बदललेली नव्हती, व्हायरसची कसलीच खूण नव्हती. कुणीतरी घर झाडून पुसून रिकामं करावं, तसं ते होतं.

मालकांनी केबिनचं दार लावून घेतलं आणि एकाच मुलाचं नाव घेतलं. चोवीस वर्षांचा मुलगा, मराठवाड्यातून आलेला, यारी रोडला तिघांत एक खोली घेऊन राहणारा. दहा दिवसांपूर्वी त्याने नोकरी सोडली होती. रात्रपाळीच्या पैशांवरून वाद झाला होता आणि जाताना तो मोठ्या आवाजात बोलला होता, हे सगळ्यांनी ऐकलं होतं. "त्याच्याशिवाय कोण करणार? तू फक्त लॉगमधून काढून दे. मी पोलिसांत देतो. तोवर त्याचा शेवटचा पगार थांबवलाय."

मी सर्व्हरसमोर बसले. फोल्डर नेमकं कधी रिकामं झालं ते कळायला वेळ लागला नाही: मध्यरात्रीनंतर दोन वाजता. कुणी केलं? त्याचंही उत्तर होतं. सर्व्हरच्या म्हणण्यानुसार ते 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'ने केलं होतं.

आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणजे कोण?

हा सर्व्हर २०१४मध्ये मीच बसवला होता. विंडोज बसवताना अ‍ॅडमिनिस्ट्रेटर हे खातं आपोआप तयार होतं. त्याला पासवर्ड द्यावा लागतो. मी दिला: ऑफिसचं नाव, पहिलं अक्षर मोठं, पुढे अ‍ॅटचं चिन्ह, एक-दोन-तीन. मालकांना सांगितला, कारण ऑफिस त्यांचं. अकाउंट्सच्या ताईंना सांगितला, कारण टॅलीवाला माणूस आला की त्याला लागायचा. टॅलीवाल्याला अर्थातच कळला. मग सीसीटीव्हीवाल्याला, मग हजेरीचं मशीन बसवणाऱ्याला, मग मुख्य एडिटरला, आणि रात्री काम अडलं तर कुणाला उठवायला नको म्हणून सगळ्या एडिटरांना. शेवटी तो एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहून सर्व्हरच्या मॉनिटरच्या खालच्या कडेला चिकटला. पाहुणे चहा घेताना वाचू शकतील अशा जागी.

यात कुणाचाच वाईट हेतू नव्हता, हे मला नीट सांगायचंय. आपल्याकडे पासवर्ड लपवणं हे माणसाला परकं लेखण्यासारखं वाटतं. चाळीत वाढलेल्या माणसाला तर फारच. आमच्या घराची किल्ली शेजारच्या मावशींकडे असायची आणि त्यांची आमच्याकडे. त्यावर कधी दोन शब्द झाले नाहीत. नव्या मुलाला पहिल्या दिवशी सर्व्हरचा पासवर्ड सांगायचा म्हणजे त्याला घरातलं मानायचं, अशी त्या ऑफिसची रीत होती आणि ती प्रेमाने पाळलेली रीत होती. पण शेजारच्या मावशींकडे किल्ली आहे हे आम्हाला ठाऊक असायचं, आणि त्यांनाही ठाऊक असायचं की ते आम्हाला ठाऊक आहे. घरातली बरणी हलली तर विचारायचं कुणाला, हे ठरलेलं होतं. इथे पंचवीसएक जणांकडे एकच किल्ली होती आणि दार उघडणाऱ्याचा चेहरा दरवेळी एकच दिसत होता.

दुपारी मी त्या मुलाला फोन केला. मालकांना न सांगता केला. त्याच्या कानावर सगळं आधीच गेलं होतं. नव्या ठिकाणीही कुजबुज सुरू झाली होती. वर्सोव्यात एडिटिंगची दुनिया लहान आहे, सकाळची गोष्ट दुपारी चहाच्या टपरीवर असते. तो रडवेला झाला नाही, ओरडलाही नाही. म्हणाला, "ताई, पासवर्ड मला माहीत होता. घरून रिमोटने मी शंभर वेळा आत गेलोय. सगळेच जायचे. आता मी केलं नाही, हे मी कसं दाखवू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याला दोषी ठरवेल असं माझ्याकडे काही नव्हतं, आणि निर्दोष ठरवेल असंही नव्हतं. ती कोंडी मीच तयार केली होती, तीन वर्षांपूर्वी, दोन मिनिटं वाचवायला.

संध्याकाळी ऑफिस रिकामं झालं, तेव्हा मी सिक्युरिटी लॉग उघडून बसले. विंडोज प्रत्येक घटनेला एक क्रमांक देतं: कुणी यशस्वीपणे आत आलं की ४६२४, पासवर्ड चुकला की ४६२५. मी ४६२४ शोधायला बसले होते आणि समोर ४६२५चा पूर आला. मिनिटाला पाच, सात, दहा. रात्रंदिवस, अखंड. नावं बघावीत तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, अ‍ॅडमिन, टेस्ट, अकाउंट्स, स्कॅनर. एडिटरांना घरून काम करता यावं म्हणून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ क्रमांकाचं दार थेट इंटरनेटवर उघडं ठेवलेलं होतं, आणि जगातले कुठले कुठले प्रोग्रॅम त्या दारावर एकेक किल्ली लावून बघत होते. साध्या खात्याला पाच-दहा चुकांनंतर कुलूप लागेल अशी व्यवस्था करता येते. मूळ अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्याला तेव्हा ती लागूच होत नसे. मायक्रोसॉफ्टने ती सोय ऑक्टोबर २०२२मध्ये दिली. म्हणजे बाहेरचा माणूस जन्मभर किल्ल्या लावत बसला तरी त्याला थांबवणारं कुणी नव्हतं. ऑफिसचं नाव आणि एक-दोन-तीन, इतकंच त्याला सुचायचं बाकी होतं. ते त्याला कसं सुचलं नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

या पुराने आणखी एक घोळ केला होता. लॉगला ठरावीक जागा असते. ती भरली की सर्वांत जुनी पानं पुसून नवी लिहिली जातात. चुकलेल्या प्रयत्नांनीच ती जागा भरत होती, त्यामुळे मागचे जेमतेम पाच दिवस शिल्लक होते. आठवडाभराने बघितलं असतं तर त्या रात्रीची नोंदच मिळाली नसती.

मी ४६२५ गाळले, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या नावाचे फक्त ४६२४ ठेवले, फक्त रात्री एक ते तीन. एकच ओळ उरली. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, दोन वाजून शून्य मिनिटं एक सेकंद. त्या ओळीवर मी चार वेळा गेले असेन, दरवेळी नाव वाचून थांबत होते. पाचव्या वेळी खाली 'लॉगऑन टाइप'कडे लक्ष गेलं. माणूस सर्व्हरसमोर बसून आत आला तर तिथे २ असतो. नेटवर्कवरून फायलींपुरता आला तर ३. रिमोट डेस्कटॉपने आला तर १०. तिथे ४ होता.

चार म्हणजे बॅच. वेळ लावून ठेवलेलं काम. माणूस नव्हेच.

मी आदल्या रात्रीची नोंद काढली. दोन वाजून शून्य मिनिटं एक सेकंद. त्याच्या आदल्या रात्रीची काढली. तीच वेळ. पाचही रात्री. टास्क शेड्युलर उघडला आणि माझंच अक्षर ओळखावं तसं ते काम ओळखलं. २०१४मध्ये मीच लावलं होतं: एडिटरांच्या स्टोरेज बॉक्समधली प्रोजेक्ट्स रोज रात्री दोन वाजता सर्व्हरवर उतरवून घ्यायची, विंडोजच्या रोबोकॉपी या प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमने, मिररच्या स्विचने. मिरर म्हणजे आरसा. मुळात जे असेल ते इकडे आणायचं, आणि मुळात जे नसेल ते इकडूनही काढून टाकायचं. आदल्या दिवशी त्या स्टोरेज बॉक्समधल्या जुन्या डिस्क काढून मोठ्या घातल्या होत्या. बॉक्सचं नाव तेच, फोल्डरचं नाव तेच, आत अजून काही नाही. सर्व्हरवरून सगळं दुसऱ्या दिवशी भरायचं ठरलं होतं. जुन्या डिस्क संध्याकाळीच शूटिंगला रवाना होऊन फॉरमॅटही झाल्या होत्या. रात्री दोनला आरशाने रिकामं फोल्डर पाहिलं आणि सर्व्हरही तसाच रिकामा केला. त्या कामाला सगळ्याला हात लावायचा पूर्ण अधिकार होता, कारण मी ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या नावाने लावलं होतं. त्याच कामाला 'बॅकअप' नावाचं वेगळं खातं दिलं असतं, तर सकाळी सव्वानऊला लॉगमध्ये 'बॅकअप' हेच नाव दिसलं असतं आणि त्या मुलाचं नाव कुणाच्या तोंडी आलंच नसतं.

रात्रीचे अकरा वाजून गेले होते. मी आधी त्या मुलाला फोन केला, मग मालकांना.

दुसऱ्या दिवशी मी मालकांसमोर ते सगळं कागदावर ठेवलं आणि सांगितलं, "सर, ते काम मी लावलं होतं. चूक त्याची नाही, माझी आहे." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं, मुलाला फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि म्हणाले, "मी तुझ्यावर नको तो आळ घेतला. माझी चूक झाली." पगार त्याच दुपारी गेला, रात्रपाळीच्या पैशांसकट. त्या माणसाबद्दल माझ्या मनात तेव्हापासून जो आदर आहे तो कायम आहे. काम बऱ्यापैकी परत मिळालं. मालकांच्या घरी एका हार्ड डिस्कवर पाच आठवड्यांपूर्वीची प्रत होती. मधले पाच आठवडे एडिटरांनी पुन्हा उभे केले.

त्यानंतरचे तीन महिने मी त्या ऑफिसची एकेक किल्ली शोधत होते. सर्वांत जड गेलं ते मालकांना पटवणं. माझं म्हणणं होतं की रोजच्या वापराच्या कुणाच्याच खात्याला अ‍ॅडमिन अधिकार नकोत, त्यांच्याही नकोत. "माझ्याच ऑफिसात मला अ‍ॅडमिन नाही?" त्यांना तो अपमान वाटला. मी तांत्रिक भाषेत पुष्कळ समजावलं, उपयोग झाला नाही. शेवटी अकाउंट्सच्या ताई बोलल्या. त्या वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या, घरची बोट. "सर, आमची बोट माझ्या सासऱ्यांच्या नावावर आहे. पण समुद्रात सुकाणू तांडेलाच्याच हातात. सासरे बोटीत असले तरी." मालक माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "ठीक आहे. पण मला कधीही बघता आलं पाहिजे, कुणी काय केलं ते." मला तेवढंच हवं होतं.

मग प्रत्येकाला स्वतःच्या नावाचं साधं खातं दिलं. मला दोन: एक रोजचं, मेल आणि कागदपत्रांसाठी, दुसरं माझ्या नावापुढे 'अ‍ॅडमिन' लावलेलं, फक्त सर्व्हरच्या कामापुरतं. काम झालं की त्यातून बाहेर. त्या खात्यातून मेल उघडायची नाही, इंटरनेटवर जायचं नाही. ३३८९चं दार राउटरवर बंद केलं आणि घरून येणाऱ्यांना व्हीपीएन, म्हणजे आत यायचा खासगी, कुलूपबंद रस्ता, दिला. चौदा मशिनांवरच्या स्थानिक अ‍ॅडमिनला तोवर एकच पासवर्ड होता. मायक्रोसॉफ्टचं लॅप्स नावाचं फुकट साधन २०१५मध्ये आलेलं होतं, ते बसवलं. ते प्रत्येक मशिनला वेगळा पासवर्ड देतं आणि ठरल्या मुदतीने आपणच बदलतं. मूळ खात्याचं नाव बदलून ठेवावं असं बरेच जण सांगतात. मी बदललं, पण त्यावर विसंबले नाही. त्या खात्याच्या ओळखक्रमांकाच्या शेवटी ५०० हा आकडा असतो आणि नाव काहीही ठेवलं तरी तो तसाच राहतो. शोधणारा त्यावरून शोधतो.

मूळ पासवर्ड बदलला तो दिवस शनिवार होता. बदलल्याबरोबर कुठे कुठे तो पेरून ठेवला होता ते कळायला लागलं. स्कॅनर कागद घेईना, कारण सर्व्हरवर फाइल ठेवताना तो अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून जात होता. हजेरीचं मशीन थांबलं. यूपीएसवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम थांबला. सीसीटीव्हीची साठवण थांबली. टॅलीच्या रोजच्या प्रतीचं काम थांबलं. कागदाचं फक्त चित्र घेणारं एक यंत्र, आणि त्याच्या हातात सबंध ऑफिसची तिजोरी! मी प्रत्येकाला त्याच्या कामापुरतं खातं दिलं: स्कॅनरला एका फोल्डरमध्ये लिहिण्यापुरतं, बॅकअपला वाचण्यापुरतं आणि आपल्या जागी प्रत ठेवण्यापुरतं. आरशाचा स्विच काढून टाकला. आता जुनी प्रत तीन महिने राहते.

त्याच जूनमध्ये, २७ तारखेला, नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्रॅम आला. युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून निघालेला तो प्रकार जगभर पसरला आणि खाडीपलीकडे न्हावा शेवाला जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. कंटेनरच्या ट्रकांच्या रांगा वर्तमानपत्रांत आल्या. मी त्याची माहिती मिळेल तिथून वाचत होते, कारण तो पसरत होता ते बऱ्याच अंशी याच वाटेने: एका मशिनच्या मेमरीत पडून राहिलेला अ‍ॅडमिनचा पासवर्ड उचलायचा आणि त्याच अधिकाराने शेजारच्या मशिनमध्ये शिरायचं. विंडोज अगदी ताजं असलेली मशिनंही त्यामुळे पडली. मर्स्कने पुढे सांगितलं की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर त्यांना नव्याने उभे करावे लागले. खात्यांची मुख्य नोंदवही ठेवणारे त्यांचे सर्व्हर जगभर पुसले गेले. वाचला तो घानामधला एक, कारण त्या वेळी तिथे वीज गेली होती. त्या एका प्रतीवरून त्यांनी सगळं परत उभारलं. आमच्या चौदा मशिनांवर वेगळे पासवर्ड ठेवण्याचा खटाटोप कशासाठी, असं विचारणाऱ्या मुख्य एडिटरने त्या आठवड्यात पुन्हा तो प्रश्न विचारला नाही.

ऑगस्टमध्ये आणखी एक बातमी आली आणि ती वर्सोव्याच्या धंद्याला थेट झोंबली. 'गेम ऑफ थ्रोन्स'चा एक भाग प्रसारणाआधी भारतातून फुटला आणि पोलिसांनी चौघांना अटक केली; त्या भागाचं काम हाताळणाऱ्या कंपनीचे आजी-माजी कर्मचारी. त्यानंतर वाहिन्यांकडून लहान एडिटिंग ऑफिसांनाही प्रश्नावल्या यायला लागल्या. फायलींपर्यंत कुणाकुणाला जाता येतं? सोडून गेलेल्या माणसाचं खातं कधी बंद होतं? पहिल्यांदाच आमच्याकडे त्या प्रश्नाला उत्तर होतं: शेवटच्या दिवशी, संध्याकाळी सहाला. खातं काढून टाकत नाही, बंद करतो. काढलं तर त्याच्या जुन्या फायलींवर नावाऐवजी नुसते आकडे उरतात आणि कुणाचं काम होतं ते कळत नाही.

राहिला मूळ अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. तो ठेवावा लागतो. सगळं कोसळलं की तोच आत नेतो. त्याला मी पाच मराठी शब्दांचा पासवर्ड दिला, एकमेकांशी काही संबंध नसलेले, इंग्रजी अक्षरांत लिहिलेले. कुणाला अंदाज येऊ नये, पण फोनवर वाचून दाखवता यावेत. कागदावर लिहून पाकिटात घातला, पाकीट डिंकाने बंद केलं, जोडावर मालकांची आणि माझी सही. पाकीट ऑफिसच्या तिजोरीत. तिजोरीची किल्ली अकाउंट्सच्या ताईंकडे. त्यांच्याच टेबलावर दोनशे पानी वही: तारीख, वेळ, अ‍ॅडमिन खातं कुणी वापरलं, कशासाठी, सही. सर्व्हरचा लॉग अ‍ॅडमिन पुसू शकतो (पुसला तर ११०२ क्रमांकाची नोंद मागे राहते खरी), पण ताईंची वही सर्व्हरमधून पुसता येत नाही. एप्रिल २०२२मध्ये सर्ट-इन या केंद्राच्या सायबरसुरक्षा संस्थेचा आदेश आला, लॉग १८० दिवस राखायचे आणि गंभीर घटना सहा तासांत कळवायची. तेव्हा लॉगची जागा वाढवून त्याची प्रत रोज दुसऱ्या डिस्कवर जाऊ लागली. वही तशीच चालू आहे.

ते पाकीट एकदाच फुटलं. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास सबंध मुंबईची वीज गेली. यूपीएस संपला, सर्व्हर बंद झाला. दुपारनंतर वीज आली तर ऑफिसचा राउटर जळलेला, म्हणजे मला घरून आत जायची वाट नाही. लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी होत्या, मेट्रो कोविडपासून बंदच होती. ती १९ तारखेला सुरू झाली. एका वाहिनीला रात्री भाग पाठवायचा होता आणि तो सर्व्हरच्या आतल्या ज्या आभासी सर्व्हरवर होता, तो आपोआप सुरू झाला नव्हता. ऑफिसात ताई आणि एक एडिटर, एवढेच.

मालकांनी फोनवर हो म्हटलं. ताईंनी तिजोरी उघडली, एडिटरसमोर पाकीट फोडलं आणि पाच शब्दांतलं एकेक अक्षर टाइप केलं. मी फोनवर होते. "आता यादी दिसतेय? दुसऱ्या नावावर उजवं बटण दाबा, मग 'स्टार्ट'." थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता. मग त्या म्हणाल्या, "रनिंग आलं." लॉगआउट केल्यावर त्यांनी वहीत लिहिलं: वेळ, कारण, दोघांच्या सह्या. चार दिवसांनी मी रिक्षाने गेले, पासवर्ड बदलला, नवं पाकीट बंद केलं. नवे पाच शब्द त्यांना माहीत नाहीत, आणि मी सांगावेत असं त्यांनाही वाटलं नाही.

तो मुलगा आता आरामनगरला स्वतःचं लहानसं एडिटिंगचं ऑफिस चालवतो. पाच माणसं, एक सर्व्हर, एएमसी माझी. सर्व्हर बसवायला गेले तेव्हा त्याने आधीच एक कागद तयार ठेवला होता: पाच नावं, प्रत्येकाला काय उघडता यावं आणि काय येऊ नये. स्वतःच्या नावापुढे त्याने लिहिलं होतं, 'साधं खातं'.

आज नोकरीला लागणाऱ्या मुलामुलींना माझं एवढंच सांगणं आहे: पहिल्या दिवशी कुणी विश्वासाने सगळ्यांचा पासवर्ड तुमच्या हातावर ठेवला, तर आभार माना आणि तो घेऊ नका. आपल्या नावाचं खातं मागून घ्या, आणि नोकरी सोडाल त्या संध्याकाळी ते आपल्या डोळ्यांसमोर बंद करून घ्या.